गुरुजींची गाडी डावीकडेच जाते

लालसिंग गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीसुद्धा चुलीसमोर!

"येत्या रविवारी तुले पोहरादेवीले नेतो. आपल्या गाडीत. सुतासारखी सरळ नेतो, पाहाय तू!"

ललिताबाईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाल्या, "त्या गाडीत? त्यापेक्षा मी बकरीवर बसून जाईन. बकरी निदान समोर पाहून तं चालते!"

झालं! बढाई भाकरीबरोबरच भाजून निघाली.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. शेलूबाजारपासून हाकेच्या अंतरावरच्या तांड्यावर, जिथे लोकांकडे मोटरसायकल नाहीतर ट्रॅक्टर, तिथे निवृत्त मराठी शिक्षक लालसिंग राठोड यांच्या दारात शर्यतीची गाडी उभी असे! लाल रंगाची, बिनछपराची, जेमतेम दोन माणसांची. साहेबलोकांच्या जमान्यातली. पुढचे दोन दिवे असे वटारलेले, की जणू बेडकाने पहिल्यांदाच आरसा पाहिला!

गुरुजींनी ती घेतली नव्हती. ती त्यांना नाकारता आली नव्हती. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींच्या नातवाला गुरुजींनी मराठी शिकवलं होतं. जिनिंगचा कारखाना विकून पुण्याला जाताना शेठजी म्हणाले, "गुरुजी, ही गाडी तुम्ही न्या. भंगारात द्यायला जीव होत नाही." गुरुजींना 'नाही' म्हणायचं होतं. वाक्यही मनात तयार होतं. पण 'नाही' हा शब्द गुरुजींना फक्त वाचता येई, बोलता येत नसे! एखादा माणूस भिडेपोटी चहाचा दुसरा कप घेतो, तशी गुरुजींनी मोटार घेतली.

गाडी चालायची झकास. दोष एकच. ब्रेक दाबला की ती डावीकडे धाव घ्यायची. अशी, की जणू संध्याकाळी बैलाला आपला गोठाच दिसला! गुरुजींनी त्यावर आपला उपाय शोधून काढला होता. पाय ब्रेकवर गेला, की दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं. इतकी वर्षं ओढून ओढून ते अंगवळणी पडलं होतं. देवळात गेल्यावर हात आपोआप जुळतात ना, तसे ब्रेक दाबला की गुरुजींचे हात आपोआप उजवीकडे जात.

तरी गाडी थोडी डावीकडे जायचीच. शेलूबाजारच्या चौकात गतिरोधक, आणि गतिरोधकाच्या डाव्या अंगाला विनोदचं चहाचं हॉटेल. गुरुजी ब्रेक दाबत, गाडी थेट विनोदच्या बाकापाशी, आणि विनोद कप पुढे करी. "या गुरुजी! टायमावर आले!" आता आलोच आहोत, तर नको कसं म्हणायचं? गुरुजींनी त्या ब्रेकपायी किती चहा प्यायला असेल, याचा हिशेब देवच जाणे! समोरच्या, उजव्या अंगाच्या हॉटेलातून विनोदचा चुलतभाऊ किशन हे सगळं जळक्या डोळ्यांनी पाहत असे. त्याला वाटे, गुरुजींना विनोदचाच चहा गोड लागतो!

बरं, मग गुरुजींना एवढी बढाई का सुचली? तर मागल्या वर्षी त्यांच्या हृदयाने दगा दिला. अकोल्याला छाती उघडावी लागली. ते आत होते तेवढे सगळे दिवस ललिताबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. घरी चला म्हटलं तर उठेनात. तिथेच त्या नवस बोलल्या, "हा मानूस आपल्या पायानं घरी आला, तं दोघं मिळून पोहरादेवीले लापशी नेऊ."

माणूस आपल्या पायाने घरी आला. त्या माणसाला बायकोशी काहीतरी बोलायचं होतं. कपाटभर पुस्तकं वाचलेली, पण उपयोगी पडेल असं वाक्य एकात सापडेना! 'मी तुझा आभारी आहे' असं एकदा त्यांनी न्हाणीत पुटपुटून पाहिलं, तर शिक्षण खात्याच्या परिपत्रकासारखं वाटलं. शेवटी त्यांनी ठरवलं, बोलायचं नाही, करायचं. ललिताबाईंचा सगळा जन्म जीपच्या मागच्या फळीवर, मांडीवर टोपलं घेऊन, तिघींच्या जागेत पाचवी होऊन गेला. एकदा तरी तिला पुढे बसवायचं. वाऱ्यावर. साहेबाच्या मडमेसारखं!

पण मडम बसायला तयार पाहिजे ना! आणि तिच्या जागेवर तर तुरीचं पोतं बसलं होतं.

ती करामत शफीकभाईची. शफीकभाई शेलूबाजारात जीपा दुरुस्त करायचा. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि दर आठवड्याला एक नवा शोध. आधी म्हणाला, "हवा कमीजास्त हाय." हवा भरली. गाडी डावीकडे! मग म्हणाला, "गुरुजी, गाडी चोख हाय, रोडच डावीकडं कललेला हाय."

गुरुजींनी भीत भीत शंका काढली, "पण शफीकभाई, परत येतानाही डावीकडेच जाते."

"मंग! येतानी दुसरी बाजू डावी होते का नाई?"

गुरुजींनी मान डोलावली. तर्कात कुठे भोक आहे ते त्यांना रात्री जेवताना कळलं. पण तोवर शफीकभाईने तिसरा शोध लावला होता. "डावी सीट रिकामी राह्यते. वजन पायजे!" म्हणून तुरीचं पोतं. गुरुजी पोतं शेजारी घेऊन गावभर हिंडू लागले, आणि ललिताबाई दारातून म्हणू लागल्या, "न्या, न्या! तुमच्या सवतीले देवीले न्या! मले कायले बोलावता!"

असं सगळं होतं, आणि रविवार जवळ आला होता. शुक्रवारी सकाळी शफीकभाई स्वतः तांड्यावर हजर झाला.

"गुरुजी, आज फैसला! पुढची दोन्ही चाकं खोलतो."

त्याने अंगणात बाज ओढली. उजव्या चाकातले ब्रेकचे पुर्जे उशाकडे, डाव्याचे पायथ्याकडे, असे मांडले. ड्रम, शू, स्प्रिंगा, सिलिंडर. सगळ्यांवर ग्रीस आणि धुळीचा असा थर, की खाली लोखंड आहे की वांगी, सांगता येऊ नये! तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली.

"मी आलोच. याले कोनी हात नका लावजा. इकडचं तिकडं झालं, तं माह्यापासून बी जमनार नाई!"

"मी इथेच बसतो," गुरुजी म्हणाले, आणि पुस्तक घेऊन खरोखरच राखणीला बसले.

शफीकभाई वळणाआड गेला आणि ललिताबाई घमेलं घेऊन बाहेर आल्या. घमेल्यात राख, चिंच आणि नारळाचा काथ्या. परवा देवीला जायचं, तर घरातलं भांडं न् भांडं घासून झालं होतं. समई लखलखत होती, तांब्यात तोंड दिसत होतं. त्यांची नजर बाजेवर पडली.

"हे असं काळं घेऊन देवीच्या दारात जानार का?" आणि बाजेवरचं उशाचं-पायथ्याचं सगळं त्यांनी घमेल्यात ओतलं!

गुरुजी ताडकन उठले. "अवो, ते..."

"काय?"

त्यांना 'नाही' म्हणायचं होतं. तेच ते वाक्य! पण समोर उभी होती ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली होती.

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "चिंच जरा जास्त घाल."

शफीकभाई परत आला तेव्हा बाज रिकामी! त्याने आधी बाजेखाली पाहिलं, मग गाडीखाली, मग आभाळाकडे.

"या अल्ला! गुरुजी, ब्रेक कुठी हाय?"

"कुरडयांजवळ," गुरुजी अगदी बारीक आवाजात म्हणाले.

उन्हात जुनं लुगडं पसरलं होतं. त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि त्यांच्या ओळीतच चांदीसारखे चमकणारे पुर्जे! शफीकभाईने डोक्याला हात लावला. "भाभी, हे काय केलं! कोनता उजवा, कोनता डावा, आता कोन सांगन?"

"जोड्या लावा ना! लग्नात वऱ्हाडाच्या चपला मिसळते, तं कोनी अनवाणी घरी जाते का?"

दुसरा मार्गच नव्हता. तिघं लुगड्याभोवती बसले आणि जोड्या लावू लागले. शूला शू मिळाला. स्प्रिंगला स्प्रिंग मिळाली. ड्रमला ड्रम. शेवटी उरले दोन सिलिंडर, आणि तिथे गाडं अडलं. एक होता सडपातळ आणि दुसरा जाडजूड!

शफीकभाई भडकला. "भाभी, याच्यात तुमचा कुरडयाचा साचा मिसळला!"

"माह्या साच्याले बोलू नका, सांगून ठेवते!" ललिताबाई तरातरा आत गेल्या आणि साचा आणून त्याच्यापुढे आदळला. "हा घ्या! दांडा पाहा, जाळी पाहा. अख्खा हाय! उलट तुमचंच काही माह्या कुरडयात पडलं असंन, तं सांगा. खानाऱ्याचे दात जातीन!"

"मंग हा जाडा आला कुठून?"

"मले काय माहीत? तुमच्या गाडीचाच असंन!"

"गाडीचे दोन्ही बरोबर राह्यते, भाभी! सख्खे भाऊ!"

"मंग हे सावत्र असतीन!"

गुरुजी पुढे सरकले. त्यांनी दोन्ही सिलिंडर उचलले, चष्मा वर सारला, आणि घाबरत घाबरत विचारलं, "शफीकभाई, माझं चुकत असेल... बहुतेक चुकतच असेल... पण हे पहिल्यापासूनच सावत्र असतील तर?"

शफीकभाईने जाडा सिलिंडर हातात घेतला. फिरवला. वास घेतला. आणि मग असा ओरडला, की झाडावरचे कावळे उडाले.

"अरे, हा तं जीपचा हाय! असे मी रोज बसवतो!"

सगळा उलगडा झाला. कोण्या काळी कोण्या उस्तादाने डाव्या चाकात जीपचा जाडा सिलिंडर ठोकून बसवला होता. वर ग्रीस चढलं, धूळ बसली, आणि दोघं जुळे दिसू लागले. जाड्याचा जोर जास्त. ब्रेक दाबला की डावं चाक आधी घट्ट, उजवं आपलं चालतंच! बैलजोडीतला एक बैल थांबला, की बैलगाडी त्याच्याच अंगावर वळते, तशी गाडी वळायची.

ललिताबाई गाडीच्या बेडूक-डोळ्यांकडे पाहत म्हणाल्या, "बिचारी! एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून चालत होती, अन् आपन तिले नावं ठेवत होतो!"

"राखेनं घासलं नसतं तं कयामतीपर्यंत समजलं नसतं!" शफीकभाई हात जोडून म्हणाला. "भाभी, तुमी गॅरेज टाका. मी कुरडया विकतो!"

सडपातळ सिलिंडरचा जोडीदार आता विलायतेतही मिळाला नसता. पण जीपचे शेलूबाजारात चिंचोक्यांसारखे पडलेले! शफीकभाईने दोन्ही चाकांत जीपचेच बसवले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, आणि गाडी घेऊन विहिरीपर्यंत जाऊन आला. सुतासारखी सरळ!

"गुरुजी, तुमी बी एक चक्कर मारून पाहा."

"तुम्ही मारली ना, मग झालं," गुरुजी म्हणाले. दुसऱ्याच्या कामावर शंका घेणं त्यांना बरं वाटेना. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा!

रविवार उजाडला. पोतं खाली उतरलं, ललिताबाई वर चढल्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर लापशीचा डबा. तांडा पाहायला लोटला. गाडी निघाली, पदर वाऱ्यावर उडाला, आणि ललिताबाई चक्क हसल्या! गुरुजींची छाती अकोल्याला उघडली होती त्याहून जास्त फुगली.

शेलूबाजारचा चौक आला. समोर गतिरोधक. डावीकडे विनोदने कप भरायला घेतला. गुरुजींनी ऐटीत ब्रेक दाबला.

गाडी सरळ होती. अगदी सुतासारखी! पण ब्रेकवर पाय गेला, आणि गुरुजींचे हात? हात आपले नेहमीच्या नेमाने निघाले उजवीकडे! सगळं बळ लावून! गाडीने अख्खा रस्ता तिरपा ओलांडला, समोरून येणारा जीपवाला "ओ गुरुजीऽऽ!" म्हणून किंचाळला, दोन कोंबड्या संन्यास घेतल्यासारख्या पळाल्या, आणि गाडी किशनच्या हॉटेलच्या छपराखाली, बाकापासून बोटभर अंतरावर थांबली.

किशनने धावत येऊन फडक्याने बाक पुसला. मग म्हणाला, "या गुरुजी, या! इतक्या वर्सांनी आमची याद आली!"

पलीकडे विनोद कप हातात धरून उभा होता. वरात दुसऱ्याच्याच मांडवात शिरावी, असा त्याचा चेहरा!

गॅरेजातून शफीकभाई धावत आला. चाकं पाहिली, रस्त्यावरच्या खुणा पाहिल्या. "ब्रेक तं बरोबर लागला! दोन्हीकडून सारखा! मंग हे झालं कसं?"

ललिताबाईंनी पदर सारखा केला, लापशीचा डबा तपासला आणि म्हणाल्या, "शफीकभाई, गाडी नीट झाली. आता या मानसाले खोला!"

"खोलाले काय, भाभी! अकोल्याले खोललं होतं, तवाच डाक्तरले सांगाले पायजे होतं!"

सगळा चौक हसला. ललिताबाई तर पोट धरून. गुरुजींना वाटलं, गाडीच्या बोनेटमध्ये शिरून बसावं! किशनने चहा आणला. गुरुजींनी तो बशीत ओतला, आणि पहिली बशी ललिताबाईंपुढे धरली.

"ललिता, तू तिथं... त्या पायरीवर... इतके दिवस..."

वाक्य पुढे जाईना.

"मले माहीत हाय," ललिताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

पुढच्या प्रवासाचा तोडगाही त्यांनीच काढला. गुरुजींनी ब्रेक दाबला, की त्या त्यांचं मनगट घट्ट धरत. हात उजवीकडे जाऊच नये म्हणून! मंगरूळपीरच्या बाजारातून गाडी गेली, तेव्हा लोक थांबून पाहू लागले. म्हातारा-म्हातारी हातात हात घालून, उघड्या गाडीतून! हा ब्रेकचा मामला आहे, हे गुरुजींनी कोणालाही सांगितलं नाही.

खरं सांगायचं, तर मानोऱ्याच्या अलीकडेच त्यांच्या हातांची खोड मोडली होती. तेही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उलट पोहरादेवीच्या वाटेवर, ना गतिरोधक, ना गाय, ना वळण, तरी गुरुजींनी ब्रेक दाबला. मनगट धरलं गेलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा दाबला. पुन्हा धरलं गेलं. तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा ललिताबाई समोरच बघत म्हणाल्या,

"अजी, रस्ता मोकळा हाय. हात धरायचा असंन तं तसाच धरा. लापशी सांडून राह्यली!"