डोंगराची अक्षत

हरेश्वरमामा ताट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, यांच्याकडे लग्न निघालं! डोक्याला काळी टोपी, भर उन्हात अंगात कोट, ताटात कुंकू लावलेले तांदूळ.

"बाय, शुक्रवारी कार्य हाय. घरातल्या सगळ्यांनी अगत्य यायचं."

"अय्या, कोणाचं लग्न?"

"लग्न कसलं? आपल्या डोंगराची सुनावनी हाय!"

मामांना ओळखत नाही असा माणूस फुलपाड्यात सापडायचा नाही. आमच्या बिल्डिंगला लागून त्यांचं कौलारू घर आहे. लग्न केलं नाही, पण मामा अख्ख्या पाड्याचे. पाण्याची टाकी धुवायची असो नाहीतर कोणाचं कपाट वर चढवायचं असो, माणसं जमवायची तर मामा अक्षत घेऊनच निघणार. मोबाईल आहे त्यांच्याकडे. तो ते बॅटरी म्हणून वापरतात. "फोनवरचं बोलावनं म्हंजे नुसता आवाज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अक्षत हातात घेतली की मानूस बांधला जातो."

तर डोंगराचं असं झालं. आमच्या डोक्यावरच्या डोंगरावर एका बिल्डरने बंगल्यांची योजना काढली. हमरस्त्यावर भलामोठा बोर्ड लागला, 'ढगांच्या शेजारी राहा!' प्रत्येक ढगशेजाऱ्याला स्वतंत्र पोहण्याचा तलाव. आणि खाली आम्ही टँकरची वाट बघत बादल्या घेऊन उभे! डोंगराच्या झऱ्यावर पाड्याची विहीर जगते. नळ रुसला की अर्धा फुलपाडा त्या विहिरीवर असतो. गेल्या पावसात नुसता कच्चा रस्ता खणला, तर सगळा चिखल आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसला. बंगले झाल्यावर डोंगरच घरात येईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. परवानगीआधी लोकांच्या हरकती ऐकायला सरकारने शुक्रवारी सुनावणी ठेवली होती.

आम्ही शिकलेल्या लोकांनी ताबडतोब काय केलं? व्हॉट्सॲप ग्रुप काढला! सगळ्यांनी अंगठे दाखवले, मुठी दाखवल्या. पहिल्या सभेला मी, मामा आणि हॉलला कुलूप लावायला आलेला वॉचमन.

"असं नाय जमनार," म्हणाले मामा, आणि दुसऱ्या दिवशी कोट चढवून निघाले. पहिली अक्षत देवाला द्यायची, म्हणून झऱ्यापाशी ठेवून आले. मग बिल्डिंगमागून बिल्डिंग! लिफ्ट नाही तिथे जिने चढून, दार उघडलं नाही तिथे संध्याकाळी परत जाऊन.

आणि शुक्रवारी काय बहार उडाली म्हणून सांगू! पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी कसलं कार्य, कुठलं कार्य काही विचारलंच नव्हतं. अक्षत आली, बस्स! ठेवणीतली लुगडी, पैठण्या, गजरे, नथी आणि पिशवीत आहेर. सुनावणीच्या हॉलच्या दारात बिल्डरची टाय लावलेली पोरं उभी होती. त्यांना वाटलं, एवढे नटून आलेत म्हणजे हे आपल्याच साहेबांचे पाहुणे! त्यांनी प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं, पाण्याची बाटली दिली आणि अदबीने पुढच्या रांगांत नेऊन बसवलं. बिल्डरने बसमधून आणलेली माणसं पोचली तोवर हॉल गच्च! ती बिचारी बाहेर उन्हात.

गंगूआजीने तर सरळ स्टेज गाठलं आणि सुनावणीच्या अधिकाऱ्यांच्या हातात नारळ आणि ब्लाऊजपीस ठेवला. "नवऱ्याकडचे तुमीच ना?"

मी कपाळाला हात लावला. पण साहेब हसले आणि म्हणाले, "आजी, इथे डोंगरावर बंगले बांधायचं चाललंय. तुम्हाला काही सांगायचंय?"

झालं! गंगूआजीची नथ थरथरायला लागली. "बंगले? आमच्या झऱ्यावर? मग पानी काय तुझ्या घरी भरायला येऊ?" तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. चिखल, विहीर, टँकर, सगळं निघालं. मीसुद्धा खुर्चीवर उभी राहून ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं!

मग बिल्डरचा माणूस उठला. "रस्ता ज्या जागेतून जाणार, तिच्या मालकीणबाईंची संमती आहे," म्हणाला आणि नाव वाचलं. कामणला दिलेली मामांची थोरली बहीण, अक्का. पाड्याने वळून मामांकडे पाहिलं. मामा टोपी नीट करत बसले होते.

"मग त्यांनी स्वतः येऊन सांगावं," साहेब म्हणाले. "पुढची सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी."

बाहेर आम्ही नाचायचेच बाकी होतो. "मामा, आता पहिली अक्षत कामणला!" मी म्हटलं.

"तू देऊन ये."

"मी? त्या मला ओळखतात तरी का?"

शेवटी माझ्याच स्कूटरवर निघालो. मामा मागे, मांडीवर ताट. वाटेत अर्ध्यावर ते बोलायला लागले. वाटणीत तो तुकडा अक्काला गेला तेव्हापासून दोघांत धुसफूस. पुढे भाचीचं लग्न ठरलं. अक्काने फोन केला.

"मी बोललो, अक्षत घेऊन ये, मग बघू. ती पन माझीच बहीन. नाय आली." गोदामांच्या ट्रकांच्या आवाजात मला मान वळवून ऐकावं लागत होतं. "लग्नाच्या दिवशी मी अंघोळ करून, हाच कोट घालून बसलो. कोन तरी न्यायला येईल. संध्याकाळी काढून ठेवला."

मी स्कूटर जरा हळू केली.

अक्का ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मामांना पाहून हात थांबला. सगळ्या फुलपाड्याला 'अगत्य यायचं' म्हणून आलेला माणूस माझ्यामागे जाऊन उभा राहिला. मीच सुरुवात केली, "अक्का, त्या डोंगराची..."

"त्याला बोलू दे."

"अगत्य..." म्हणाले मामा, आणि पुढे गाडी हलेना. ताट तेवढं पुढे केलं.

अक्कांनी पदराला हात पुसले आणि ओंजळ पुढे केली. अक्षत घेतली. "सही मी केलेली नाय. येते, तोंडावर सांगते त्यांच्या." मग म्हणाल्या, "पोरीला मांडवात कोनी आनली, ते नाय विचारलंस कधी."

"कोनी?"

"भटजी बोलत होते, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं. लांबचा एक मामा पुढे झाला. ती बोलली, माझा मामा हाय. आनि एकटीच चालत आली."

मामा ओट्यावर बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. मग कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी मोबाईल बाहेर काढला.

"अक्का," म्हणाले, "पोरीचा नंबर सांग."