दोघांची एक फीत

बाळ दीड महिन्याचं झालं तोवर कारखान्यातून सत्तावीस फोन येऊन गेले होते. सासूबाई प्रत्येक फोनला भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक रेघ मारत.

"आला बघ तुझा अठ्ठाविसावा," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाची रजा आहे, का ऑफिस घरी हलवलंयस?"

सून कुलपांच्या कारखान्यात दफ्तर सांभाळायची. साडेतीनशे माणसांच्या फायली तिच्या ताब्यात होत्या, म्हणून तिला सगळे दफ्तरवालीच म्हणत. ती रजेवर गेल्यावर साहेबांनी सहा महिन्यांपुरतं म्हणून आपल्या मेहुण्याला तिच्या खुर्चीवर बसवलं. मेहुणा तिशीतला, स्वभावानं गरीब. सांगितलं तर विहिरीत उडी मारेल असा. फक्त कुठल्या विहिरीत ते नीट सांगावं लागे.

"ताई, पॉलिशखात्याच्या मुकादमाची फाईल सापडत नाही."

"स्टोअरकीपरच्या फाईलबरोबर बघा. दोन्ही एकाच फितीत बांधल्यात."

"नातेवाईक आहेत का ते?"

"छे हो! दोघांचं उभं वैर. एकाची तक्रार आली की साहेब दुसऱ्याची फाईल मागतातच. दोनदा कोण उठणार? म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांच्या फायली एकत्र. आणि एक लक्षात ठेवा. सहीचा कागद टेबलावर आला की त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या फाईलला लावायचा. पडू द्यायचा नाही."

"लावतो, ताई."

बारा वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली होती, कारण ती तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हती. मेहुण्याच्या पोटात मात्र काही राहत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोठ्या कौतुकानं चार जणांना सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत आपण कुणाबरोबर बांधलो गेलोय ते बघायला दफ्तराबाहेर रांग लागली. नऊ वर्षं रोज एका डब्यात जेवणारे दोन फिटर एका फितीत निघाले. ते त्या दिवसापासून बोलेनासे झाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याची फाईल एकटीच होती. तो जास्तच दुखावला. "म्हणजे मी भांडायच्याही लायकीचा नाही का?" म्हणत त्यानं लेखी तक्रार दिली. मग तक्रारींचा पाऊसच सुरू झाला. एका तक्रारीला दोन फायली लागत आणि दोन फायलींना एक फोन.

एकोणचाळिसाव्या रेघेच्या दिवशी मेहुणा म्हणाला, "ताई, तुमची स्वतःची फाईल कुठंय?"

"माझी? माझी कशाला?"

"साहेबांना पत्रावर तुमचा नंबर घालायचाय. मी कायम होणार ना आता! पण ताई, तुम्ही नोकरी सोडताय हे मला सांगितलंही नाहीत."

दफ्तरवालीचा पाळण्यावरचा हात थांबला. "कोण सोडतंय?"

"नाही म्हणजे, पत्रात तसंच आहे. न सांगता गैरहजर, म्हणून नाव कमी... थांबा हां, साहेबच आले."

साहेबांनी फोन घेतला. "काय मग, बाळ काय म्हणतंय? रडतं का?"

"रडतं."

"वा, वा! बरं, तुमची फाईल जरा..."

"कशाला हवीय, साहेब?"

"असंच. पत्ता बघायचा होता."

"पत्ता?" सासूबाई मागून एवढ्या मोठ्यांदा बोलल्या की फोनची गरज राहिली नाही. "मागच्या महिन्यात इथं बसून दोन कप चहा प्यायलात, तेव्हा काय वाट चुकून आला होतात?"

दफ्तरवालीनं फोनवर हात ठेवला.

"सांगू नकोस," सासूबाई कुजबुजल्या. "शोधत बसू दे म्हातारा होईपर्यंत."

घर दोघांच्या पगारावर चालत होतं. रजेचा अर्ज तिनं दोन महिने आधी दिला होता आणि साहेबांनी त्यावर 'मंजूर' लिहून सही केली होती. तो कागद फाईलमध्येच होता. जागा सांगितली तर तो नाहीसा व्हायला कितीसा वेळ? पण सांगितली नाही, तर तिच्या दफ्तरातली फाईल सापडली नाही असं होणार होतं. बारा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. नोकरी जायच्या भीतीपेक्षाही हे तिला सहन होईना.

"साहेब, तुमच्या फाईलबरोबर बांधलीय."

"माझ्या? आपलं कुठं भांडण आहे?"

"मलाही आत्ताच कळतंय तसं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस सासूबाई दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघत होत्या. पत्र घ्यायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पोस्टमननं शेजारचं टपालसुद्धा भीतभीत टाकलं. कारखान्याचं पत्र काही आलं नाही. नवव्या दिवशी फोन आला, तोही दबक्या आवाजात.

"ताई, सरकारी कामगार खात्याच्या बाई तपासणीला आल्या होत्या. म्हणाल्या, सुरुवात साहेबांपासूनच करू. मी गठ्ठा दिला. त्यात तुमचीही फाईल होती ना. त्यांनी तीही उघडली. एका कागदावर रजा मंजूर. त्याच्या पुढच्याच कागदावर न सांगता गैरहजर, म्हणून कामावरून काढलं. बाई म्हणाल्या, दोन्हीकडं सही एकाच हाताची दिसतेय."

"रजेचा कागद होता तिथंच?"

"असणारच की. साहेबांनी नंबर तेवढा लिहून घेतला. फाईल उघडून वाचायची त्यांना कुठं सवय?"

"आणि दुसरं पत्र पोस्टात टाकलं नाहीत तुम्ही?"

"टाकायचं होतं?" मेहुण्याला खरंच आश्चर्य वाटलं. "साहेब सही करून माझ्या टेबलावर ठेवून गेले. तुम्हीच म्हणाला होतात, त्याच दिवशी फाईलला लावायचं. मी लावलं."

"मग बाई काय म्हणाल्या?" दफ्तरवालीनं विचारलं.

"बाई लई तापल्या. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढता येत नाही म्हणाल्या, तिची जागा दुसऱ्याला कायमची देता येत नाही. रजा संपली की तुम्ही याच खुर्चीवर, असं साहेबांकडून लिहून घेतलं. तोही कागद लगेच तुमच्या फाईलला लावलाय मी."

"बरं केलंत. आणि तुमचं काय?"

"तुम्ही येईपर्यंत आहे. पण साहेब बोलत नाहीत माझ्याशी. घरी बहीण जेवायला वाढते, पण तोंडातून शब्द काढत नाही." मेहुणा घुटमळला. "ताई, एक अडचण आहे. माझी फाईल आता कुणाबरोबर बांधू?"

तिनं पाळण्याला झोका देत क्षणभर विचार केला. प्रश्न कामाचा होता.

"साहेबांबरोबर."

"पण तिथं तुम्ही आहात."

"असू दे. फीत जरा लांब घ्या."