मायक्रोफोन नामंजूर

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव स्वतःचाच मोबाईल दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तसा धरून बसले होते. समोर दुसऱ्या मजल्यावरचा निशांत.

गेटवरच्या पाहुण्यांच्या नोंदीसाठी निशांतने अ‍ॅप बनवलं होतं. रविवारच्या सभेत उलव्याच्या या, त्याच्या स्वतःच्या सोसायटीनेही ते घेतलं नाही तर प्रोजेक्ट बंद, असं त्याच्या बॉस अस्मिता मॅडमनी सांगून ठेवलं होतं. आणि मधुकररावांच्या होकाराशिवाय सभेत पान हलत नसे.

"हे कॅमेरा मागतंय. कशाला?"

"पाहुण्याचा फोटो काढायला, काका."

"आणि माझा काढला तर?"

त्यांनी 'नको' दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा 'नको'. तिसऱ्यांदा फोनने विचारलंच नाही.

"गप्प का झालं हे?"

"दोनदा नाही म्हटलं की फोन अ‍ॅपला परत विचारू देत नाही."

"म्हणजे आता न विचारता घेणार!"

निशांतने अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, आणि परवानगी मागण्याआधी कारण सांगणारं एक पान जोडलं. मधुकररावांनी ते चष्मा लावून तीनदा वाचलं.

"कोणी न विचारता एवढा खुलासा? नक्कीच काहीतरी आहे."

शनिवारी निशांतने शेवटचा उपाय केला. अ‍ॅप उघडताच स्क्रीनवर अर्ज आला. 'प्रति, मा. सचिव. विषय: कॅमेरा वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय...' खाली 'आपले विश्वासू, अ‍ॅप.'

मधुकरराव ताठ बसले. "हां! असं रीतसर बोल ना!"

कॅमेरा मंजूर. नोटिफिकेशन मंजूर.

"पुढचा अर्ज?"

"संपले, काका. दोनच लागतात."

"मायक्रोफोन?"

"लागतच नाही."

"लागत नाही, की सांगत नाहीस?"

"आईशप्पथ नाही लागत!"

मधुकररावांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "अरे बाबा, उद्या सभेत ती दर ठरावात खोट काढणारी शुभदाताई विचारणार, तुमी काय अडवलं? सगळंच मंजूर केलं तर आपलं साटंलोटं आहे म्हणेल. नऊ वर्षं सेक्रेटरी आहे मी. एक तरी नामंजूर पायजे."

तासाभरात निशांतने मायक्रोफोनचा अर्ज जोडला. मधुकररावांनी तो दोनदा वाचला, भुवया चढवल्या आणि 'नको' इतक्या जोरात दाबलं की मोबाईल टीपॉयवरून खाली गेला.

रविवारी अ‍ॅप एकमताने मंजूर झालं. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'सभासदांचे खाजगी बोलणे ऐकण्याचा अ‍ॅपचा प्रयत्न मा. सचिवांनी सतर्कतेने हाणून पाडला.'

त्याखाली, अ‍ॅपच्या वतीने दिलगिरी म्हणून, निशांतची सही आहे.