मुंजाजीअण्णांची मंजुरी

साल १९८८, पाडव्यानंतरचा सोमवार. रक्कम साडेचार रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, भंगारवाला रशीद आणि शेजारचे मुंजाजीअण्णा. व्यवहार एका पत्र्याच्या बादलीचा होता. तिच्या बुडाला भोक पडलं होतं आणि दोनदा डाग देऊनही ते पुन्हा उघडलं होतं. रशीदनं बादली तोलली, पैसे बायकोच्या हातावर ठेवले आणि बादली हातगाड्यावर टाकणार, तेवढ्यात मधल्या भिंतीवरून अण्णांचं डोकं वर आलं.

"थांब रं. मंजुरी कुणाची?"

"कायकी मंजुरी, चाचा?"

"वस्तू घराभायेर चाललीय. मंजुरी कुनी दिली?"

"मी दिली," बायको म्हणाली. "माझीच तर बादली आहे."

"तुमचीच बादली आन् तुमचीच मंजुरी? असं कुठं असतंय का वैनी? टाकनारा येगळा पायजे, मंजुरी देनारा येगळा पायजे."

"चाचा, बाल्टी है. बम थोडीच है," रशीद म्हणाला.

"बम असता तर मला काळजी नव्हती," अण्णा म्हणाले. "बमला शंभर राखनदार असतेत. बाल्टीला कोन हाय?"

रशीदनं बादली खाली ठेवली आणि पैसे परत घेतले. तिला मंजुरी मिळाली ती पुढच्या सोमवारी. मधल्या काळात अण्णांनी शोधून काढलं होतं, की मागं कधीतरी आमच्या गड्यानं त्या बादलीत कापसाच्या फवारणीचं औषध कालवलं होतं. मग ती राखेनं तीनदा घासली गेली आणि अण्णांनी स्वतः हातोड्यानं तिचं भोक चांगलं मोठं केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "ल्हान भोक कुनीबी बुजवतंय आन् पानी भरतंय. मोठ्या भोकाच्या नादी कुनी लागत न्हाई."

परभणी जिल्ह्यातल्या पालमला आमची गल्ली लहान आहे. अण्णा तिथलेच. तरुणपणी हैदराबादला गेले, अणुभट्टीचं इंधन तयार करणाऱ्या कारखान्यात लागले आणि रिटायर होऊन पुन्हा वडिलांच्या दोन खोल्यांत राहायला आले. त्यांची बायको त्याआधीच वारलेली, मुलगा विलास तिकडंच बँकेत. अण्णा परत आले तेव्हा गावात बातमी पसरली, की मुंजाजी इतकी वर्षं बॉम्ब करत होता. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना जरा लांबूनच रामराम घालत. अण्णांना या बातमीचा राग येई.

"बम न्हाई, फडके!" ते सांगत. "उभ्या नोकरीत मी फडके सांभाळले."

ते खरंच होतं. कारखान्यात युरेनियमच्या कामावर वापरलेले हातमोजे, फरशी पुसायचे फडके, बुटांवर चढवायच्या पिशव्या, गाळण्या, असा कचरा निघतो. त्यात किरणांचा दोष अगदी थोडा, पण असतो. तो उकिरड्यावर टाकता येत नाही. पिंपात दाबून भरायचा, मोजायचा, आणि तो कुठं, कसा, किती खोल पुरणार हे लिहून मुंबईच्या नियामक मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा. मंडळाची मंजुरी येईपर्यंत पिंप जागचं हलवायचं नाही. अण्णा त्या पिंपांवरचे सुपरवायझर होते. मी एकदा विचारलं, नुसतं ठेवून ठेवून त्याचा जोर कमी होत नाही का? अण्णा हसले. "दुसरीकडचा माल व्हतो. आमचा न्हाई व्हत. तुमच्या पनतूचा पनतू आला तरी युरेनियम जागच्या जागी. म्हनून तर मंजुरी."

माणसं आपल्या पोरांच्या लग्नाच्या गोष्टी सांगतात तशा अण्णा नामंजुरीच्या गोष्टी सांगत. त्यातली त्यांची आवडती अशी: प्रस्तावात त्यांनी खड्ड्यापासून जवळची विहीर किती लांब ते बरोबर लिहिलं होतं. प्रस्ताव परत आला. मंडळाच्या माणसानं विचारलं होतं, विहिरीचं पाणी कोण पितं?

"आमचे साहेब लय चिडले," अण्णा सांगत. "मी मातर खूश. मुंबईत पंख्याखाली बसलेल्या मानसाला आमच्या विहिरीवर कोन येतंय त्याची फिकीर! न्हाई म्हननारा मानूस वाईट नसतोय, दादाराव. न इचारता हो म्हनतो, तो वाईट."

बादलीच्या प्रकरणानंतर गल्लीनं त्यांना 'मंजुरीअण्णा' करून टाकलं. आणि त्यांनी मला अधिकारी केलं. आमच्या घरातून जाणाऱ्या वस्तूला मंजुरी त्यांची. त्यांच्या घरातून जाणाऱ्या वस्तूला माझी, कारण स्वतःची मंजुरी स्वतः देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी खरेदी-विक्री संघात हिशेब बघतो. माझ्याकडे आलेलं काम मी नेमानं करतो. अण्णा फुटका कप घेऊन भिंतीशी येत, मी तो फिरवून बघे आणि "मंजूर" म्हणे. अण्णांचा चेहरा जरासा पडे. मला वाटे, कपाचं दुःख असेल.

त्यांच्या मंजुरीची तऱ्हा निराळी. एकदा आमच्या कैरीच्या लोणच्याला बुरशी आली. बायको बरणी घेऊन निघाली, तर अण्णा दारातच. कुठं टाकणार? त्या बाजूनं शेरडं कुणाची जातात? शेरडाला खारट चालतं का? मग बरणी धुतलेलं पाणी कुठं?

"अण्णा," बायको म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा यांच्या घरच्यांनी इतकं विचारलं नव्हतं."

"इचारायला पायजे व्हतं," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले.

पण गल्लीला त्यांची खरी किंमत कळली ती बापूराव पाटलांच्या मुलीच्या लग्नात. मांडव पडला, आचारी आले, आणि अण्णा बापूरावांना मागच्या बाजूला घेऊन गेले.

"जेवनं झाल्यावर पत्रावळी कुठं जानार?"

"जातेत की उकिरड्यावर."

"उकिरडा कुनाचा?"

मागचा उकिरडा बापूरावांच्या चुलतभावाचा, ग्यानोबाचा होता. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं आणि ग्यानोबाला लग्नाची पत्रिका गेलेली नव्हती.

"त्याला इचारलं का?"

"अण्णा, वऱ्हाड यायलंय! पत्रावळीचं काय घिऊन बसलाव?"

"पाचशे पानं त्याच्या जाग्यात टाकनार आन् त्याला पुसनार न्हाई? मंजुरी न्हाई. आचाऱ्याला सांगतो चूल पेटवू नको म्हनून."

आणि खरंच चुलीपुढं जाऊन उभे राहिले. शेवटी बापूराव टोपी सारखी करत ग्यानोबाच्या दारात गेले. उकिरड्याची परवानगी मागायला आलेला माणूस दारात उभा राहून लग्नाचं आमंत्रण द्यायचं टाळू शकत नाही. ग्यानोबा बायकापोरांसह आला, पंगतीत वाढायला लागला आणि पोरगी सासरी निघाली तेव्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडला. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ते मला म्हाईत न्हाई. माझा इषय पत्रावळी."

दोन वर्षांनी उन्हाळ्यात अण्णा हौदाजवळ चक्कर येऊन पडले. परभणीच्या डॉक्टरनं एकटं ठेवू नका म्हणून सांगितलं. विलासनं हैदराबादहून कळवलं, मी न्यायला येतो, सामान आवरा, घर विकून टाकू. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी थांबल्या, त्याचं येणं दोनदा पुढं गेलं, पण दिवाळीनंतर तो आलाच. गंगाखेड स्टेशनवर उतरला आणि तिथूनच सामानासाठी टेम्पो ठरवून आणला.

मुलगा गुणी. बापाची काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती. त्यांना तो आप्पा म्हणे. "काका," तो मला म्हणाला, "आप्पा नाही म्हणत नाहीयेत. फक्त म्हणतात, प्रत्येक वस्तूला दादारावची मंजुरी पायजे. तेवढं तुम्ही लवकर करा."

मी रजा टाकली. अण्णा एकेक वस्तू ओट्यावर आणत आणि ती कुठं जाणार ते सांगत. लोखंडी पलंग, बापूरावला. मी म्हटलं, मंजूर. स्टोव्ह, ग्यानोबाला. मंजूर. रांजण, हारे, दळायचं जातं, देवघरापुढचा पाट. मंजूर, मंजूर. मला मनापासून वाटत होतं, की अण्णांचं भलं हैदराबादलाच आहे. रात्री-अपरात्री पुन्हा पडले तर? तेव्हा काम जितकं झपाट्यानं होईल तितकं बरं. विलास खूश होता. टेम्पोवाला बिडी ओढत उभा होता. अण्णा मात्र दर वस्तूनंतर जरा थांबत, माझ्या तोंडाकडे बघत आणि मग आत जात. प्रत्येक खेपेला थोडे जास्त हळू.

शेवटी दारापुढचं लाकडी बाकडं राहिलं. तिन्हीसांजेला अण्णा त्यावर बसत, आणि ते बसले की कुणी ना कुणी शेजारी येऊन टेकत असे.

"हे भंगारात," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते बाकड्यावर बसलेच. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दादाराव," ते म्हणाले, "आख्खं घर काढलं मी तुमच्यापुढं. तुमी एक बी प्रश्न इचारला न्हाई."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "आता तरी विचारा काहीतरी," ती हळूच मला म्हणाली.

मी अण्णांच्या शेजारी बसलो. काय विचारावं हे सुचायला मला वेळ लागला.

"तिकडं घर कितव्या मजल्यावर आहे, अण्णा?"

"चौथ्या," अण्णा लगेच म्हणाले. पाठ ताठ झाली. मंडळापुढं बसल्यासारखे ते उत्तरं देऊ लागले. "जिना हाय. लिफ्ट हाय पर बंद असती."

"दिवसभर घरी कोण असतं?"

"दोघंबी कामावर जातेत. पोरं शाळंत. सकाळी कुलूप लावून जातेत, म्हंजी मी कुठं भायेर जाऊ नये म्हनून. काळजीनंच लावतेत. सांजच्याला उघडतेत."

विलास बापाकडे बघत राहिला.

"बोलायला कोण?"

"समोरच्या गच्चीवर एक म्हातारी कपडे वाळू घालती. ती तेलुगूत बोलती. मला तेलुगू येती, पर कारखान्यापुरती. पिंप उचला, पिंप ठिवा, हात धुवा. मागल्या खेपेला मी तिला म्हनलो, अम्मा, हात धुवा. ती घरात निघून गेली."

टेम्पोवाला हसला. मग कुणीच हसत नाहीये असं बघून बिडी शोधू लागला.

"आप्पा, हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही," विलास म्हणाला.

"तू इचारलं न्हाईस. आन् मी कसं म्हनू न्हाई म्हनून? तू माझ्या भल्याचं करायलाय. जानारानं सोताच न्हाई म्हनावं, हे बरं दिसत न्हाई." अण्णांनी टोपी उलटी करून तिच्या आतली शिवण बघितली. "ते दुसऱ्यानं म्हनायचं असतंय."

मग मला कळलं, की सकाळपासून हा माणूस माझ्याकडे काय मागत होता.

"नामंजूर," मी म्हटलं.

"बाकडं?" विलासनं विचारलं.

"बाकडं आणि बाकीचंही. सगळंच परत आत न्यायचं."

"कारन द्या," अण्णा म्हणाले. "कारनाबिगर नामंजुरी चालत न्हाई."

"कचरा म्हणजे जे कुणाच्या उपयोगाचं नाही ते. यातलं सगळं आम्हाला लागतं." एवढंच मला सुचलं. अण्णांनी ते मनात दोनदा वाचल्यासारखी मान हलवली.

मग विलासनंच अटी घातल्या आणि त्या बापालाच शोभणाऱ्या होत्या. रात्री आतून कडी लावायची नाही. दर आठवड्याला माझ्या संघाच्या फोनवरून हैदराबादला बोलायचं. दोन वेळचं जेवण आमच्याकडं, त्याचा खर्च तो पाठवणार. शेवटच्या अटीला बायकोनं सरळ नकार दिला. म्हणाली, पैसे घेऊन वाढायला मी खानावळ काढलेली नाही. त्यावर अण्णा मध्ये पडले आणि म्हणाले, जेवणाच्या बदल्यात तुमच्या घरच्या सगळ्या मंजुऱ्या मी फुकट बघीन. "त्या आजवर काय विकत होत्या का?" बायकोनं विचारलं, आणि अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

पलंग परत आत गेला. जातं उचलताना बापूराव आणि ग्यानोबा दोघंही आले आणि कुणी कुठली बाजू धरायची यावरून थोडं भांडले. सामान लागता लागता तिन्हीसांज झाली.

राहिला टेम्पोवाला. माल नसला तरी गाडी आली, आता रिकामी जाणार, त्याचे दीडशे द्या म्हणाला. अण्णांनी कनवटीला हात घातला. विलासनं पाकीट काढलं. मी दोघांनाही थांबवलं, कारण नामंजुरी माझी होती. टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, त्यालाही दोन भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. एकशे वीसवर मिटलं. ते त्याला मी दिले.