पडायला बरी गाडी

आमचे गोविंदराव मोटार झोपून बघायचे.

एरवी माणूस गाडी घ्यायला निघाला की बॉनेट उघडतो, टायरला लाथ मारतो, हॉर्न वाजवून पाहतो. गोविंदराव यातलं काही करत नसत. मागचं दार उघडायचे, चपला काढून बाहेर नीट ठेवायचे, टोपी छातीवर धरायचे आणि मागच्या सीटवर सरळ आडवे व्हायचे. मग आतून आवाज यायचा, "हं, जोशी. आता घ्या जरा खडीवरनं."

पिंपरीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं स्टोअरमध्ये शेजारी शेजारी बसायचो. मी राहायला दापोडीला, ते चिंचवडला. मला गाडी चालवता यायची, म्हणून रविवारी कुठं जुनी मोटार विकायला आहे असं कानावर आलं की ते मला घेऊन जायचे. घरच्या गोष्टी ते कधी काढत नसत आणि कुणाला घरी बोलवतही नसत. कारखान्यात सगळे म्हणायचे, "गोविंदरावांना नुसता बघायचा नाद आहे. घेतायत कशाला!"

एकदा एका वकीलसाहेबांची गाडी बघायला गेलो. साहेबांनी ती दारात धुऊनपुसून उभी केली होती. गाडी किती पळते, पेट्रोल किती पिते, चढावर कशी ओढते, हे सगळं ते मोठ्या हौसेनं सांगू लागले.

"ते राहू द्या हो," गोविंदराव म्हणाले. "पडायला कशी आहे?"

"पडायला?" वकीलसाहेब दचकले. "अहो, आजवर एकदाही पडली नाही!"

"गाडी नव्हे, माणूस. माणसाला पडायला."

आणि त्यांनी चपला काढल्या. वकीलसाहेब माझ्याकडे बघत राहिले, मी आभाळाकडे.

दुसऱ्या एका गाडीच्या स्प्रिंगा इतक्या मऊ होत्या की खडीवरून नेली तरी धक्का जाणवत नव्हता. म्हटलं, चला, सुटलो. पण गोविंदराव आतून उठले ते नाराज होऊनच.

"खिडकी फार वर आहे. नुसतं आभाळ दिसतं. झाडं दिसायला पाहिजेत."

"गोविंदराव, उठून बसा की. झाडं काय, सगळा रस्ता दिसेल."

"बसणाऱ्याला काय, कशातूनही दिसतं," एवढंच ते पुटपुटले.

शेवटी मी त्यांना आमच्या दापोडीच्या करीमभाईंच्या गॅरेजमध्ये नेलं. करीमभाईंकडे एक जुनी, रंग उडालेली पण दणकट मोटार होती. गोविंदराव नेहमीप्रमाणे आडवे झाले. झाडं दिसत होती. धक्का कमी होता. पण पाय दुमडावे लागत होते.

करीमभाई हसत म्हणाले, "साहेब, तुमाला मोटार पायजे का पलंग?"

गोविंदराव हसले नाहीत. उठून बसले, टोपी डोक्यावर ठेवली.

"दोन्ही पायजे. मंडळींचं मणक्याचं दुखणं आहे, करीमभाई. बसवत नाही तिला. डॉक्टरांनी बैलगाडी, एसटी सगळं बंद केलंय. निघोज्याला तिची आई आहे. म्हातारीला आता दिसेनासं व्हायला लागलंय. अजून थोडं दिसतंय, तोवर भेट घालून द्यायचीय."

इतकी वर्षं शेजारी बसून मला यातला शब्दही ठाऊक नव्हता. करीमभाई आत जाऊन पाना घेऊन आले आणि पुढची डावी सीट खोलायला लागले. तिथं मागच्या सीटला लागून फळी टाकायची, वर गादी. "आता सांगा," ते म्हणाले, "वहिनींची उंची किती?"

गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही निघोज्याला निघालो. वहिनींना चादरीतून उचलून गादीवर निजवलं. गोविंदराव मागे त्यांच्या उशाशी बसले, खांद्याला हात लावून. चिंचवड सुटल्यापासून त्यांचा एकच घोष.

"जोशी, खड्डा!"

"अहो," वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या, "जोशीभाऊजींना डोळे आहेत. तुम्ही गप्प बसा. मला बाभळी बघू द्या."

निघोज्यात गाडी थांबली तशी सगळी आळी गोळा झाली. गर्दीतून वाट काढत, नातीचा हात धरून म्हातारी आली. वहिनी मान उचलायला लागल्या.

"उठू नगंस, बाय," म्हातारी म्हणाली. "मीच येती आत."

आणि ती खरंच आत चढली. लेकीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. "वाळलीस गं," म्हणाली. मग दोघींचं रडणं आणि बोलणं एकदमच सुरू झालं. गोविंदराव खाली उतरले आणि धोतराच्या सोग्यानं बॉनेट पुसू लागले. त्यावर फारशी धूळ नव्हती.

बऱ्याच वेळानं आतून वहिनींची हाक आली.

"अहो, इथवर आलोच आहोत, तर इंद्रायणीवर न्या ना. आईलाही घेऊ. मला पाणी बघायचंय."

गोविंदरावांचा हात थांबला. परत जाताना मला ते सांगणार होते, की अंथरुणाला खिळल्यापासून तिनं आपणहून काही मागितलेलंच नव्हतं. पण त्या वेळी ते तोंड पलीकडे फिरवून उभे राहिले.

"जोशी," ते म्हणाले, "नदीची वाट उताराची आहे. हळू घ्या."