किरकोळाचा बीमोड अर्थात कॉट बेसिस राज्याची हकीकत

श्री. विद्येची देवता प्रसन्न असो आणि सर्वांची महिनाअखेर सुखरूप पार पडो. पुढील साली या खोलीत राहावयास येणाऱ्या मंडळींनी पुसिले की, पूर्वी येथे राज्य कैसे चालिले, खजिना कैसा पुरला, संकट कोणते आले आणि कैसे निवारिले, ते साद्यंत लिहून द्यावे. त्यास, जे डोळां देखिले आणि जे खात्रीचे कानी आले तेवढेच लिहिले असे. पदरचे तिखटमीठ लाविले नाही, लाविले असल्यास चवीपुरते. मंडळींची बोली मात्र जैसी होती तैसीच ठेविली, कारण ती सुधारू जाता मजा जाते.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आषाढ मासी राजश्री प्रणोतीबाई खामकर यांची स्वारी एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन विद्यापीठाचे शहरी दाखल जाहली. बाईंस भूगोल विषयाचे अध्ययनास जागा मिळाली होती आणि गावातून ऐसी जागा मिळविणाऱ्या त्या पहिल्याच. राज्य म्हणाल तर कॉट बेसिस. खोली एक, कॉट तीन, ज्याची त्याची हद्द आपले कॉटपुरती, आणि कपडे वाळवावयास दोरी म्हणोन नव्हती, ती पुढील महिन्यात घेऊ ऐसे दर महिन्यास ठरे आणि ओले कपडे खुर्चीवर लटकत. दुसरे कॉटवर शलाकाबाई शिरोडे, दिलदार, हात सढळ, पर्स बंद करावयाचे ठाऊक नाही. तिसरे कॉटवर रुबिनाबाई मुलाणी, बोलणे थोडे, परंतु बोलल्या म्हणजे समोरचा गप्प. प्रणोतीबाईंचे तीर्थरूप दत्तोबाआप्पा यांची गावी पिठाची गिरणी. निरोप देतेवेळी एसटीचे खिडकीशी येऊन आप्पा बोलिले, "प्रणू, महिन्याला सात हजार पाठवीन. ह्याच्यावर माझ्याकडं नाही, खोटं कशाला बोलू. दिवाळीपर्यंत एवढ्यात भागव. नाही भागलं तर लाजू नको, फोन कर. मी येतो, ट्रंक बांधतो, घरी नेतो. तालुक्याच्या कॉलेजात नाव घालू." बाई म्हणाल्या, "भागवीनच, आप्पा." आणि मनी पक्के केले की तो फोन काही जाहले तरी करणे नाही.

मग राज्यकारभार सुरू जाहला. सात हजारांपैकी कॉटभाड्याचे तीन हजार, मेसचे अठ्ठावीसशे, बसचा पास आणि रिचार्ज मिळोन सहाशे. हे मातबर सरदार, दिवसाढवळ्या येतात, हक्काचे घेतात आणि निघोन जातात, त्यांचे भय नाही. उरले सहाशे. त्या सहाशांवर किरकोळ नामे गनीम टपोन बसला होता. हा मोठा हरामखोर. समोर उभा राहोन कधी लढावयाचा नाही. आज झेरॉक्सचे वेषाने आला, उद्या कटिंग चहाचे वेषाने, परवा वर्गातील कोणा मैत्रिणीचे केकची वर्गणी होऊन आला, आणि प्रत्येक वेळी म्हणे, दहाच तर रुपये, वीसच तर रुपये, त्याने काय होते? आणि बाईही म्हणत, खरेच की, त्याने काय होते? महिन्याचे विसावे तारखेस पर्स उलटी केली तो केसांची एक पिन आणि पेपरमिंटची एक गोळी. मग रुबिनाबाईंकडोन उसने घेऊन पहिला महिना कैसाबैसा काढिला आणि आप्पांस फोनवर "सगळं मजेत" ऐसे कळविले.

श्रावण मासी रुबिनाबाईंचे पैसे फेडले, त्यामुळे खजिना आरंभीच खचला. तेव्हां तिघींनी खलबत केले. मेसच्या मालकीण मालनकाकू, यांचा दंडक ऐसा की सलग तीन दिवस जेवावयास न येणे जाहल्यास आदले दिवशी सांगावे, म्हणजे खाडा धरोन दिवसाचे साठ रुपये परत मिळतील. शलाकाबाईंनी पुसिले, "काकू, दीड दिवस चालेल का?" काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "दीड दिवसाचे गणपती असतात, खाडे नसतात." इतक्यात खबर आली की विद्यापीठात जमिनीची धूप या विषयी तीन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र भरणार, विद्यार्थ्यांस प्रवेश शंभर रुपये, भोजन समाविष्ट. शलाकाबाई कॉटवर उभ्या राहोन ओरडल्या, "अगं, जेवण त्यांचं, वर पिशवी, वर सर्टिफिकेट! आणि इकडे खाडा! दोन्हीकडून फायदा!" प्रणोतीबाईंचे डोळे चमकले. रुबिनाबाई म्हणाल्या, "संध्याकाळचं काय?" परंतु जयजयकारात ते कोणी ऐकिले नाही. मग खाडा लाविला आणि फौज चर्चासत्रावर चाल करोन गेली. पहिले दिवशी दुपारी गुलाबजाम, तिघी धन्य जाहल्या. संध्याकाळी मेसचे दार आपणच लावोन घेतलेले आणि फाटकाबाहेर किरकोळ भुर्जीपावाचे गाडीवर तवा वाजवीत उभा. दुसरे संध्याकाळी तोच प्रकार. तिसरे दिवशी एका मान्यवरांनी धुपीवर ऐसे भाषण लांबविले की श्रोते पंगतीस पोचेतो भात आणि कांदा एवढेच शिल्लक, म्हणोन दुपारही बाहेर गेली. खाड्याचे एकशे ऐंशी जमा जाहले आणि खर्च चारशेंचे वर. हे लिहिणाराचे मते ऐसा गाढवपणा शिकल्यासवरल्या माणसाखेरीज कोणास साधत नाही, बाकी कोणी फुकट जेवणासाठी शंभर रुपये भरीत नाही.

आता महिना संपावयास दहा दिवस आणि प्रणोतीबाईंचे पदरी साठ रुपये. दुपारचे वेळी बाई कॉटवर बसल्या, फोन हाती घेतला आणि आप्पांचे नाव काढोन त्याकडे बघत राहिल्या. शलाकाबाईंचे तोंड उतरले. म्हणाल्या, "माझंच डोकं फिरलं होतं गं." रुबिनाबाई म्हणाल्या, "लाव हवं तर. मी थांबवणार नाही. पण लावलास की ही कॉट रिकामी होणार, एवढं ध्यानात ठेव." तेव्हां प्रणोतीबाईंस रडे आवरेना. "मला नाही जायचं गं. मला इथंच शिकायचंय. आणि मी काय त्या भुर्जीपावापायी घरी जाऊ?" ऐसे बोलिल्या आणि बोलता बोलता त्यांस आपलाच संताप आला. फोन ट्रंकेत टाकिला, कुलूप घातले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आपण सगळं गुपचूप खर्च करतो म्हणून होतं हे. कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे लाज वाटत नाही. आजपासून ह्या राज्यात पुकारा. ज्याला पैसे काढायचेत त्यानं दारात उभं राहून मोठ्यानं सांगायचं, किती, कशावर आणि का. बाकीच्यांनी मंजूर म्हटलं तर काढायचे. बाहेर असलात तर फोनवर, पण आवाज तेवढाच." शलाकाबाई म्हणाल्या, "लोक हसतील." प्रणोतीबाई म्हणाल्या, "हसू देत. आप्पा ट्रंक बांधतील तेव्हा मला रडायचं नाहीये."

तेव्हांपासोन पुकाऱ्याची चाल पडली आणि किरकोळाचे पाय मोडले. पहिलाच पुकारा शलाकाबाईंचा जाहला. कँटीनचे गर्दीत फोन कानास लावोन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "पुकारा! शलाका शिरोडे, ऐंशी रुपयांची कोल्ड कॉफी, कारण..." आणि कारण सुचेना. मग खरे तेच सांगितले, "कारण कंटाळा आलाय!" सारे कँटीन खो खो हसले आणि बाई हात हलवीत परत आल्या. परंतु पुकारा म्हणजे केवळ नकार नव्हे. प्रणोतीबाईंची चप्पल तुटली तेव्हां दारात उभ्या राहोन, "वीस रुपये, चप्पल शिवणे, कारण अंगठा निघाला," ऐसे बोलिल्या, तो टाळ्या वाजवोन मंजूर जाहले. नकाशांचे झेरॉक्स मंजूर, रुबिनाबाईंचे खोकल्याचे औषध मागण्याआधीच मंजूर. साठ रुपयांत दहा दिवस निघाले, तेही दोन्ही वेळ मेसमध्ये पोटभर जेवोन. भाद्रपद मासी सहाशे महिनाभर पुरले आणि आश्विनात तर वर उरले. शलाकाबाईंची पर्स बंद राहू लागली, हा चमत्कार प्रत्यक्ष पाहिलेले लोक अद्याप हयात आहेत.

दिवाळी तोंडावर आली असता एके रविवारी सकाळी कोणतीही वर्दी न देता दत्तोबाआप्पा खोलीचे दारी येऊन उभे राहिले. एका हाती लाडवांचा डबा आणि दुसरे हाती नव्या दोराचे वेटोळे. दोर पाहताच प्रणोतीबाई ट्रंकेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आप्पा, मी फोन केला नव्हता." आप्पा म्हणाले, "नव्हतास, म्हणूनच आलो. एवढ्या दिवसांत पोरगी एकदा मागत नाही. वाटलं, उपाशी राहत असशील आणि सांगत नसशील. गिरणी चालू असली तरी माझं ध्यान फोनकडं. येताना दोर घेतला. म्हटलं, वाळलेली दिसली तर विचारायचंच नाही, ट्रंक बांधायची." बाईंनी पर्स पुढे केली. "हे ह्या महिन्याचे उरलेत." आप्पांनी नोटांकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले. "पोटाला मारून?" तेव्हां रुबिनाबाई बोलिल्या, "नाही काका, रविवारी पाच पोळ्या खाते. मालनकाकूंना विचारा." आप्पा कॉटवर बसले आणि दोराचे टोक चिमटीत फिरविले. मग एकदम उठले. "चला, तुम्हा तिघींना मिसळ खायला घालतो." तो तिघी जागच्या हलेनात. प्रणोतीबाई म्हणाल्या, "आप्पा, इथं दारात उभं राहून पुकारा करावा लागतो. किती, कशावर आणि का." आप्पांस गिरणीचे घरघरीवर बोलावयाची सवय, आवाज मोठा. दारात उभे राहिले आणि सारा जिना दणाणविला, "दत्तोबा खामकर, पीठवाले! चार मिसळ, चार ताक! कारण..." आणि तेथे लेकीकडे वळोन पाहिले. मग हळूच म्हणाले, "कारण माझी पोरगी इथं राहती." तिघी एकदम बोलिल्या, "मंजूर!"

मिसळ खाऊन आल्यावर आप्पांनी तो दोर खिडकीपासोन दारापर्यंत ताणोन बांधिला, गाठ दोनदा ओढोन पाहिली आणि खुर्चीवरले ओले कपडे स्वहस्ते त्यावर टाकिले. मग लाडवांचा डबा ठेवोन सांजचे एसटीने गावी परतले. येणेप्रमाणे एक सत्र पार पडले, किरकोळ मोडला, कॉट राखिली आणि घरी मागणे पडले नाही. नव्याने येणारांनी पुकारा चालू ठेवावा. दोर अद्याप जागेवर आहे, त्यावर कपडे वाळवावे, सोडू नये.