थंड पडलेले हेडक्लार्क

हेडक्लार्कांनी आयुष्यात एकच गोष्ट बायकोला न विचारता केली, आणि तीच अंगाशी आली.

परदेशात मुलीकडे दोन महिने राहून नवराबायको घरी परतत होती. तिकडे फ्लूनं धुमाकूळ घातलेला. विमानातून उतरल्यावर प्रत्येकाचं कपाळ यंत्रानं तपासणार, ताप निघाला तर दोन आठवडे विलगीकरण, असा नियम होता. हेडक्लार्कांना ताप नव्हता. पण त्यांचं डोकं बाराही महिने तापलेलं असे (हे मत ऑफिसचं), आणि रागाचा ताप कुठला नि फ्लूचा कुठला हे यंत्राला कळेल, असा त्यांना भरवसा नव्हता. म्हणून निघताना त्यांनी नातवाच्या कपाळावर लावायच्या थंडाव्याच्या पट्ट्यांचं अख्खं पाकीट मुलीच्या कपाटातून गुपचूप खिशात घातलं.

विमानाच्या बाथरूममध्ये शिरून त्यांनी सगळ्या पट्ट्या डोक्यावर, मानेवर, कानशिलांवर जिथे जागा दिसली तिथे चिकटवल्या आणि वर लोकरीची टोपी चढवली. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "एवढा वेळ काय करत होतात आत?"

"जरा गप्प बसशील का?" हेडक्लार्क खेकसले.

ती गप्प बसली. इतकी गप्प बसली, की विमान मध्येच जोरात हादरलं तेव्हाही तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. उतरायच्या आधी हेडक्लार्कांनी पुन्हा बाथरूममध्ये जाऊन टोपी काढली, पट्ट्या सोलून टाकल्या, बर्फाच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि उरलेसुरले केस कपाळावर ओढून घेतले.

तपासणीच्या हॉलमध्ये शेकडो माणसं होती, पण आवाज फक्त बुटांचा येत होता. नखशिखान्त पांढरे कपडे घातलेली माणसं हातानं खुणा करत होती. त्यांना चेहरे नव्हते, नुसते धुकट चष्मे. भिंतीवरच्या, अंगाची ऊब रंगांत दाखवणाऱ्या पडद्यावर पुढे सरकणारा प्रत्येक प्रवासी निखाऱ्यासारखा लालकेशरी दिसत होता. बायको गेली ती जरा जास्तच लाल. (राग उतरला नव्हता.) मग हेडक्लार्क पुढे सरकले, आणि पडद्यावर एक लाल धड चालत आलं. मानेच्या वर काहीच नव्हतं.

एका पांढऱ्या माणसानं त्यांच्या कपाळावर यंत्र रोखलं. मग ते हलवलं. मग दुसऱ्याला बोलावलं.

"किती आहे?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"दाखवत नाही."

"म्हणजे?"

"हे यंत्र माणसांसाठी आहे. माणसाच्या तापमानाखालचं दाखवत नाही." पांढरा माणूस सहकाऱ्याकडे वळला. "ताप असला तर डावीकडे, नसला तर बाहेर. ह्यांना कुठे ठेवायचं?"

सहकाऱ्यानं लांबच्या एका दाराकडे बोट दाखवलं. हेडक्लार्कांचा कोट, घड्याळ आणि वाचायचा चष्मा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला, आणि ते स्वतः त्या दारामागच्या खोलीत गेले. दार आपोआप बंद झालं.

खोलीत एक स्टीलचं टेबल होतं, एक नळ होता आणि पलीकडचा हॉल दिसेल अशी मोठी काच होती. दिवा नव्हता. गारठा असा, की दात वाजावेत. नळाखाली हात धरला की पाणी येईल, असं चित्र वर लावलेलं होतं. हेडक्लार्कांनी हात धरला. पाणी आलं नाही. दुसरा हात धरला. नळाच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच.

त्यांनी काचेत पाहिलं. काचेत उजळलेला हॉल दिसत होता, पण त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब कुठेच नव्हतं. आता मात्र त्यांनी कपाळ चाचपलं. गार, ओलसर, आपलं नव्हेच असं काहीतरी लागलं. बोटाला कपाळ लागलं, पण कपाळाला बोट लागलं नाही! पट्ट्या तर केव्हाच काढल्या होत्या. मग हा गारवा कशाचा? त्यांना विमानाचा तो हादरा आठवला. त्यानंतर आपला डोळा लागला होता. मग जाग आली. की आलीच नव्हती?

काचेपलीकडे बायको उभी होती. एका नर्सनं तिच्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी दिली, कुठेतरी सही घेतली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. बायकोनं पदरानं डोळे पुसले. मग पिशवीतलं घड्याळ काढून हलकेच स्वतःच्या मनगटावर बांधलं.

हेडक्लार्कांना गलबलून आलं. इतकी वर्षं संसार केला, आणि तिच्याशी बोललेले शेवटचे शब्द कुठले, तर "जरा गप्प बसशील का"! ते दोन्ही हातांनी काच बडवू लागले. "अगं, चुकलो मी! बोल ना माझ्याशी!"

बायको काचेजवळ आली. अगदी समोर. तिनं थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, स्वतःच्या कपाळावरची बट नीट केली आणि निघून गेली.

संपलंच सगळं. हेडक्लार्क टेबलावर चढले आणि हात छातीवर घेऊन उताणे पडले. (आयुष्यभर फायली नीट लावलेला माणूस. मेल्यावर तरी कसाबसा कसा पडेल?)

बऱ्याच वेळानं दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या. "झोप लागली का?"

"घरी कळवलंत?" हेडक्लार्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"काय कळवायचं?"

"मी गेलो ते."

डॉक्टरीणबाई वाकल्या. त्यांनी कपाळावरचे केस दोन बोटांनी बाजूला सारले आणि खसकन काहीतरी ओढलं.

"आई गं!" हेडक्लार्क उठून बसले. "दुखलं! डॉक्टर, दुखलं मला!"

"दुखणारच. चार केस आलेत सोबत." त्यांच्या हातात कातडीच्या रंगाची एक पट्टी लोंबत होती. "लाज नाही वाटत? आम्ही इथे मरमर मरतोय, आणि तुम्ही यंत्राला फसवताय?"

"आणि तो नळ? ती काच?"

"नळ बिघडलाय. काच बाहेरून आरसा आहे."

तोंडात थर्मामीटर गेला. ताप नव्हता. मुळात कधी नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी त्यांची चांगली हजेरी घेतली, आणि ते ती गाणं ऐकावं तशी ऐकत राहिले. मग धावत हॉलमध्ये आले.

"अगं, मी आहे! जिवंत आहे मी!"

"दिसतंय," बायको म्हणाली.

ती बोलली! हेडक्लार्कांनी भर हॉलमध्ये तिचा हात धरला. "काचेतून पाहिलं मी सगळं. माझं घड्याळ बांधलंस."

"किती वेळ लावताय ते बघायला."

"आणि डोळे पुसलेस, तेही पाहिलं. माझ्यासाठीच ना?"

"हो," ती म्हणाली. हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. "ती नर्स म्हणाली, 'यंत्र नीट सांगत नाहीये, बहुतेक दोन आठवडे इथेच ठेवून घेतील ह्यांना. तुम्ही एकट्या घरी गेलात तरी चालेल.' ऐकलं आणि डोळेच भरून आले हो माझे." तिनं कोट त्यांच्या अंगावर टाकला. "पण आपल्या नशिबात कुठलं एवढं सुख! चला."